वजन वाढलं म्हणून खूश होण्याआधी बीआयएचा रिपोर्ट नीट बघा

कॅन्सर पेशंटच्या फाईलमध्ये हल्ली एक रंगीत कागद दिसायला लागलाय. बॉडी कॉम्पोझिशन रिपोर्ट. चरबी इतके टक्के, मसल इतके किलो, पाणी इतके लिटर, शेजारी हिरव्या-लाल पट्ट्या, आणि कुठेतरी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात फेज अँगल नावाचा एक आकडा. नातेवाईक तो कागद घेऊन येतात आणि बोट ठेवतात ते बरोबर मसलच्या किलोवर. मॅडम, मागच्या वेळेपेक्षा मसल तीन किलो वाढलंय, म्हणजे चांगलंच ना? अशा वेळी मी आधी पेशंटच्या घोट्याजवळ बोट दाबून बघते, खड्डा पडतोय का. पडत असेल तर ते तीन किलो मसल नाहीये, पाणी आहे.

मी कॅन्सर पेशंट्सच्या आहाराचं काम करते, त्यामुळे हे बीआयएचं मशीन (बायोइलेक्ट्रिकल इम्पिडन्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे अंगातून बारीक करंट सोडून केलेली तपासणी) रोजच्या वापरातलं आहे आणि मला ते आवडतं हे आधीच सांगते. स्वस्तात, दोन मिनिटांत, रेडिएशनशिवाय, पेशंटच्या बेडजवळ नेऊन करता येणारी तपासणी दुसरी नाही. पण त्यातला कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा हे कोणी समजावून सांगत नाही, आणि चुकीचा आकडा धरला तर पेशंट खंगत असताना घरचे सगळे निवांत बसतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हे की नुसत्या वजनावर का भागत नाही. कॅन्सरमध्ये शरीर झिजतं ते उपाशी माणसासारखं झिजत नाही. साध्या उपासमारीत शरीर आधी चरबी वापरतं आणि स्नायू शक्य तितके वाचवतं. कॅन्सरमध्ये आतून जी सूज म्हणजे इन्फ्लमेशन चालू असते तिच्यामुळे स्नायू सुरुवातीपासूनच तुटायला लागतात, भूक मरते, आणि खाल्लेलं अन्न स्नायू बांधायला नीट वापरलंही जात नाही. याला कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याची व्याख्या ठरवली, सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलं तर कॅकेक्सिया, आणि बीएमआय २० च्या खाली असेल किंवा स्नायू आधीच कमी असतील तर २ टक्क्यांपेक्षा जास्त घटसुद्धा पुरे. म्हणजे स्नायू किती आहेत हा प्रश्न व्याख्येतच आहे, आणि काट्यावर उभं राहून त्याचं उत्तर मिळत नाही.

त्यात काटा दोन्ही बाजूंनी फसवतो. एक म्हणजे पाणी. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी झालं, स्टेरॉइड चालू आहेत, सलाईन चढलंय, लिव्हरमध्ये गाठी आहेत, यातलं काहीही असलं की अंगात पाणी साठतं आणि वजन स्थिर दिसतं किंवा वाढतं. दुसरं म्हणजे चरबी. जाड दिसणाऱ्या पेशंटकडे कुणाचं लक्षच जात नाही, त्यांना काय होतंय, चांगले धडधाकट तर आहेत. २००८ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमध्ये एक अभ्यास आला होता, फुप्फुसाच्या आणि पचनसंस्थेच्या कॅन्सरच्या लठ्ठ पेशंट्सचे सीटी स्कॅन बघून त्यांचे स्नायू मोजले होते, तर त्यातल्या साधारण १५ टक्के लोकांचे स्नायू धोक्याच्या पातळीखाली होते आणि ते लोक बाकीच्या लठ्ठ पेशंट्सपेक्षा कमी जगले. वरून भरलेलं, आतून रिकामं. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोमध्ये हे मी सारखं बघते, बायकांचं वजन वाढतं, सगळे म्हणतात बरं झालं अशक्तपणा नाही आला, आणि त्या बाईला मात्र जिना चढता येत नसतो.

याचा केमोशीही थेट संबंध आहे. बऱ्याच औषधांचा डोस उंची आणि वजनावरून बॉडी सरफेस एरिया, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, काढून ठरतो. सारख्याच उंची-वजनाच्या दोन माणसांना सारखाच डोस मिळतो, पण एकाच्या अंगात स्नायू भरपूर आणि दुसऱ्याच्या अंगात चरबीच जास्त असेल तर ते औषध दोघांच्या शरीरात सारखं पसरत नाही, आणि स्नायू कमी असलेल्यांना साइड इफेक्ट जास्त होतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. डोस बदलायचा की नाही हे ऑन्कॉलॉजिस्टचं काम, त्यात आपण पडायचं नाही, पण हा पेशंट केमो कितपत सोसेल याचा अंदाज बांधायला स्नायूंची माहिती हवीच.

आता मशीन काय करतं ते. हाता-पायाला इलेक्ट्रोड लावतात, दोनमधून अगदी बारीक करंट सोडतात, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, साधारण ५० किलोहर्ट्झचा, पेशंटला काहीही जाणवत नाही, आणि दुसऱ्या दोनमधून व्होल्टेज मोजतात. १९६२ च्या सुमाराला फ्रान्समध्ये थोमासे यांनी हे प्रयोग सुरू केले तेव्हा कातडीखाली सुया टोचायला लागायच्या. १९६९ साली हॉफर आणि सहकाऱ्यांनी चार इलेक्ट्रोड वरूनच लावून दाखवलं की उंचीचा वर्ग भागिले इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) हा आकडा अंगातल्या एकूण पाण्याशी फार चांगला जुळतो. आजची बहुतेक मशीन्स अजूनही त्याच पायावर उभी आहेत.

हे मशीन मसल मोजत नाही. चरबीही मोजत नाही. ते मोजतं फक्त करंटला किती अडथळा झाला ते. पाण्यातून आणि क्षारांतून करंट सहज जातो, चरबीतून जवळपास जात नाही. या अडथळ्याचे दोन भाग असतात. एक रेझिस्टन्स, जो मुख्यतः अंगात पाणी किती आहे त्यावर ठरतो. दुसरा रिअ‍ॅक्टन्स, तो पेशींच्या पातळ आवरणामुळे येतो, कारण प्रत्येक पेशीचं आवरण छोट्या कपॅसिटरसारखं वागतं, करंटला क्षणभर अडवून ठेवतं. जितक्या पेशी जास्त आणि आवरणं धडधाकट तितका रिअ‍ॅक्टन्स जास्त. हे दोन आकडे खरे मोजलेले. कागदावरचं बाकीचं सगळं, चरबीचे टक्के, मसलचे किलो, बेसल मेटाबॉलिक रेट, वय किती वाटतं ते, हे सगळं समीकरणातून काढलेलं असतं.

आणि समीकरणं बहुतेक निरोगी लोकांवर बसवलेली असतात. त्यात एक गृहीत धरलेलं असतं की चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी आहे. निरोगी माणसात ते बऱ्यापैकी खरं असतं. पायावर सूज आलेल्या, सलाईन चढलेल्या, पोटात पाणी झालेल्या माणसात ते खरं नसतं, आणि मशीनला हे कळायचा काही मार्ग नाही.

नुसतं बोलून पटत नाही म्हणून गणितच करून दाखवते. जिनिव्हाच्या गटाचं २००१ चं एक समीकरण आहे, खूप वापरलं जातं. चरबी सोडून बाकीचं वजन काढायचं असेल तर उंचीचा वर्ग भागिले रेझिस्टन्स याला ०.५१८ ने गुणायचं, त्यात वजन गुणिले ०.२३१ मिळवायचं, रिअ‍ॅक्टन्स गुणिले ०.१३ मिळवायचं, पुरुष असेल तर ४.२२९ मिळवायचे, आणि शेवटी ४.१०४ वजा करायचे. समजा एक बाई आहे, उंची १६० सेंटिमीटर, वजन ५५ किलो, रेझिस्टन्स ५५० ओहम, रिअ‍ॅक्टन्स ५०. उत्तर येतं ३९.२ किलो. आता समजा काही आठवड्यांनी तिच्या पायांवर सूज आली, वजन ५८ झालं, पाणी वाढल्यामुळे रेझिस्टन्स ४७० वर उतरला आणि रिअ‍ॅक्टन्स ३८ वर. तेच समीकरण आता ४२.४ किलो दाखवतं. म्हणजे रिपोर्टवर काय दिसणार, चरबी सोडून बाकीचं वजन सव्वातीन किलोने वाढलं आणि चरबीचे टक्के २९ वरून २७ वर आले. जिमला जाणाऱ्या माणसाला असा रिपोर्ट मिळाला तर तो पेढे वाटेल. आणि प्रत्यक्षात या बाईच्या अंगात नवीन स्नायू एक ग्रॅमसुद्धा बनलेला नाही, कदाचित होता तोही कमी झालाय.

आता याच दोन मोजमापांवरून फेज अँगल काढा. रिअ‍ॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स, आणि त्याचा कोन. आधी तो ५.२ अंश येतो, नंतर ४.६. मसलचा आकडा वर गेला आणि फेज अँगल खाली आला. या दोघांत खरं कोण बोलतंय ते सांगायला नको. फेज अँगलला उंची लागत नाही, वजन लागत नाही, कुठलं समीकरण लागत नाही, ७३ टक्के पाण्याचं गृहीतक लागत नाही. पेशी कमी झाल्या किंवा त्यांची आवरणं कमजोर झाली की तो उतरतो, पेशींबाहेरचं पाणी वाढलं तरी उतरतो, आणि कॅन्सरमध्ये या दोन्ही गोष्टी वाईटच असतात, त्यामुळे तो उतरला की काहीतरी बिघडतंय एवढं नक्की कळतं.

निरोगी मोठ्या माणसात तो बहुतेक वेळा ५ ते ७ अंशांच्या मधे असतो, पुरुषांत थोडा जास्त, बायकांत थोडा कमी, आणि वय वाढेल तसा उतरत जातो. म्हणून सत्तरीच्या आजींचा आकडा तिशीतल्या मुलाच्या शेजारी ठेवून घाबरायचं नाही, तिच्या वयाच्या आणि बायकांच्या संदर्भानेच वाचायचा. कॅन्सरमध्ये याच्यावर वीस वर्षांहून जास्त काळ काम झालंय, मोठ्या आतड्याचा, स्वादुपिंडाचा, फुप्फुसाचा, अशा बऱ्याच कॅन्सरमध्ये फेज अँगल कमी असलेले पेशंट सरासरीने कमी जगतात असं पुन्हा पुन्हा दिसलंय. पण सरासरी म्हणजे एका माणसाचं भविष्य नाही, हे मी नातेवाईकांना आवर्जून सांगते, कारण नेटवर हे वाचून लोक रात्र रात्र झोपत नाहीत. मला तो आकडा हवा असतो तो आज या माणसाकडे जास्त लक्ष द्यायला हवंय का हे ठरवायला.

पोटातल्या पाण्याची गोष्ट अजून विचित्र आहे आणि ती फार लोकांना माहीत नाही. करंटसाठी आपलं शरीर म्हणजे पाच नळ्या जोडल्यासारखं आहे, दोन हात, दोन पाय, एक धड. हात-पायांच्या नळ्या लांब आणि बारीक म्हणून बहुतेक अडथळा तिथेच होतो, आणि धड जवळपास निम्म्या वजनाचं असूनही एकूण रेझिस्टन्समध्ये त्याचा वाटा साधारण दहा टक्केच असतो. त्यामुळे पायात पाणी साठलं की मशीन त्याला मसल समजतं. पण पोटात पाणी साठलं तर रेझिस्टन्स फारसा हलतच नाही, वजन मात्र वाढतं, आणि वरच्याच समीकरणाने बघितलं तर पोटात सहा किलो पाणी झालेल्या माणसाच्या खात्यावर साधारण १.४ किलो चरबी-सोडून-वजनात जमा होतात आणि उरलेले साडेचार किलोहून जास्त चरबीत. हाडांचा सापळा झालेला माणूस, फक्त पोट वर आलंय, आणि कागदावर लिहिलंय चरबी जास्त. असा रिपोर्ट बघून कुणी त्या माणसाचं तूप बंद केलं तर काय होईल याचा विचार करा. पोटातलं पाणी काढायचं ठरलं असेल तर मोजमाप ते काढल्यानंतर करावं, आणि तेव्हासुद्धा किलोंपेक्षा कच्चे आकडे, म्हणजे रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स, बघावेत.

कच्चे आकडे बघायची एक छान पद्धत १९९४ साली इटलीतल्या पादुआच्या पिक्कोली आणि सहकाऱ्यांनी मांडली, तिला बीआयव्हीए म्हणतात. रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स दोन्हीला उंचीने भागायचं आणि आलेखावर एक बाण काढायचा. निरोगी लोकांचे लंबगोल आधीच छापलेले असतात, ५०, ७५ आणि ९५ टक्क्यांचे. बाण आखूड झाला की अंगात पाणी जास्त, लांब झाला की पाणी कमी, आणि तो उजवीकडे खाली कलला की पेशींचा साठा कमी होतोय. एकदा बघायची सवय झाली की रंगीत पट्ट्यांपेक्षा हा एक बाण कितीतरी जास्त सांगतो. उलट्या-जुलाबांनी सुकलेला पेशंट आणि सुजलेला पेशंट यांचं वजन सारखंच असू शकतं, पण पहिल्याचा बाण लांब असतो आणि दुसऱ्याचा आखूड.

आता मोजताना काय पाळायचं, कारण इथे फार ढिलाई चालते. पेशंटला आधी पाच-दहा मिनिटं आडवं झोपवायचं, कारण उभं असताना पाणी पायात उतरलेलं असतं, झोपल्यावर ते परत पसरतं आणि तोपर्यंत आकडा हलत राहतो. हात अंगाला आणि मांडी मांडीला चिकटू द्यायची नाही, नाहीतर करंटला शॉर्टकट मिळतो. लघवी करून यायचं. दागिने, बेल्ट, नाणी बाजूला. इलेक्ट्रोड दर वेळी त्याच जागी, एखाद्या सेंटिमीटरच्या फरकानेसुद्धा आकडा बदलतो. ज्या हाताला सलाईन चालू आहे तो सोडून दुसरा घ्यायचा, आणि ऑपरेशन होऊन ज्या हाताला सूज आलीय तोही नको. ताप असेल किंवा पेशंट थंडीने कुडकुडत असेल तर त्या दिवशी सोडून द्यावं. पुस्तकात आठ तास उपाशी ठेवा असं लिहिलंय, पण ज्या माणसाला दोन घास जावेत म्हणून आम्ही धडपडतोय त्याला या तपासणीसाठी उपाशी ठेवणं मला पटत नाही, त्यापेक्षा सकाळी नाश्त्याच्या आधी घ्या, रात्रीचा उपास आपोआप झालेला असतो. केमोच्या दिवशी घ्यायचं असेल तर सलाईन लावायच्या आधी. नंतर घेतलेल्या मोजमापाला माझ्या लेखी काही किंमत नाही.

आणि दर वेळी तेच मशीन. एका मशीनवरचा फेज अँगल दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही, झोपून घेतलेला उभं राहून घेतलेल्याशी तर नाहीच नाही. हॉस्पिटल बदललं की तो नवा पहिला आकडा समजायचा.

पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ही तपासणी करू नये, करंट कितीही बारीक असला तरी. गरोदर बाईचीही टाळतात. कृत्रिम सांधा असेल किंवा हात-पाय कापलेला असेल तर किलोतले आकडे विसरायचे.

घरी जे काचेचे काटे मिळतात, ज्याच्यावर अनवाणी उभं राहिलं की चरबी सांगतात, त्याबद्दल सारखं विचारलं जातं. तेही बीआयएच आहे, पण करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो, म्हणजे हात आणि वरचं अंग मोजलंच जात नाही, कच्चे आकडे दाखवत नाही, आणि पायाला सूज असेल तर संपलंच. तो काटा वजनासाठी वापरा, वजन रोज त्याच वेळी लिहून ठेवा, ते फार उपयोगाचं आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणीच असणार, लगेच डॉक्टरांना कळवा. चरबी आणि मसलच्या ओळी बघू नका.

मग सीटी स्कॅन का नाही, असंही कुणी म्हणेल, आणि बरोबर आहे त्यांचं. कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या सीटीच्या एका कापावरून स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं की अख्ख्या शरीराच्या स्नायूंचा फार चांगला अंदाज येतो, आणि कॅन्सर पेशंटचा सीटी आजाराच्या तपासणीसाठी झालेलाच असतो, वेगळं रेडिएशन नाही. शक्य असेल तिथे हे बीआयएपेक्षा वरचढच आहे आणि मला वाटतं रेडिऑलॉजीच्या रिपोर्टमध्येच हा आकडा यायला हवा. पण त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं, मोजणारा माणूस लागतो, आणि सीटी दर पंधरा दिवसांनी होत नाही, होऊही नये. मधल्या काळात पेशंट कुठे चाललाय हे बघायला बीआयए आणि हाताची पकड मोजायचं डायनॅमोमीटर, एवढं पुरतं. २०१९ साली कुपोषण ओळखायचे जे जागतिक निकष आले, जीएलआयएम नावाचे, त्यातही कमी झालेले स्नायू हा एक निकष आहे आणि तो बीआयएने मोजायला मान्यता आहे, चरबी-सोडून-वजन भागिले उंचीचा वर्ग पुरुषांत १७ आणि बायकांत १५ च्या खाली गेलं की स्नायू कमी. पण वरच्या उदाहरणातली बाई आठवा, ती आधी १५.३ वर होती, अगदी काठावर, आणि सूज आल्यावर १६.६ वर गेली. निकषाने ती आता जास्त सुरक्षित दिसते. म्हणून सूज असलेल्या पेशंटला हा निकष डोळे झाकून लावणं धोक्याचं आहे.

एक गोष्ट मात्र अशी आहे जिथे पाणी मोजणं हाच मुद्दा असतो. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की पुढे हातावर लिम्फेडेमा, म्हणजे लिम्फचं पाणी साठून सूज, येऊ शकतो. डोळ्याला सूज दिसायच्या किंवा अंगठी घट्ट व्हायच्या आधीच दोन हातांच्या इम्पिडन्समधला फरक तो दाखवू शकतो, आणि इतक्या लवकर कळलं तर प्रेशर स्लीव्ह वापरून बऱ्याच जणींचा त्रास पुढे वाढत नाही. यासाठीसुद्धा ऑपरेशनच्या आधीचं मोजमाप लागतं, कारण उजव्या-डाव्या हातात मुळातच थोडा फरक असतो.

माझा खरा आग्रह इथेच आहे. पहिलं मोजमाप ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी करा. बहुतेक वेळा आमच्याकडे पेशंट येतो तो वजन दहा-बारा किलो उतरल्यावर, तोंडात छाले आल्यावर, नळी टाकायची वेळ आल्यावर, आणि तेव्हा घेतलेला आकडा कशाशी लावून बघायचा? निदान झालं, बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्याच आठवड्यात पेशंट चालता-फिरता असताना एकदा मोजून घेतलं तर पुढच्या प्रत्येक आकड्याला अर्थ येतो. डाएटिशियनकडे पाठवलं नसेल तर आपणहून विचारा, त्यात संकोच कसला.

आकडा उतरताना दिसला तर करायचं काय, हे विचारलं पाहिजे. फेज अँगल वाढवायचं औषध नाही, आणि कुणी पावडरीचा डबा त्या नावाने विकत असेल तर घेऊ नका. आम्ही त्याचं कारण शोधतो. खाणं कमी पडतंय का, उलट्या, दुखणं, तोंडाची चव, बद्धकोष्ठता यातलं काय आड येतंय, इन्फेक्शन आहे का, पाणी साठतंय का. युरोपातल्या ईएसपीईएन या रुग्णांच्या आहाराच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे कॅन्सर पेशंटला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रोटीन लागतं. ५५ किलोच्या बाईला म्हणजे ५५ ते ८२ ग्रॅम, आणि हे वजन सुजेचं पाणी वगळून धरायचं. पण नुसतं प्रोटीन ढकलून स्नायू बनत नाहीत, स्नायूंना काम लागतं, मग ते खुर्चीवरून दहादा उठणं-बसणं का असेना. घरचे प्रेमापोटी पेशंटला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत, त्यांना मी हात जोडून सांगते की डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर उठू द्या, चालू द्या, स्वतःचं ताट स्वतः नेऊ द्या.

आणि आजार फार पुढे गेलेला असेल, उपचार फक्त आरामासाठी चालू असतील, तेव्हा हे मशीन बेडजवळ नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत आकडा काय येणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या आकड्यावरून काहीही बदलायचं नसतं. तेव्हा जे खावंसं वाटेल ते, जेवढं जाईल तेवढं.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की रेझिस्टन्स, रिअ‍ॅक्टन्स आणि फेज अँगल हे तीन आकडे वहीत लिहून घ्या, कागदावर नसतील तर मशीनवाल्यांना विचारा, बहुतेक व्यावसायिक मशीन्समध्ये ते असतात, फक्त छापायचं बटण दाबलेलं नसतं. शेजारी त्या दिवशीचं वजन, पायावर सूज होती की नव्हती, सलाईन कधी चढलं होतं आणि शेवटची केमो कधी झाली ते लिहा. अशी वही घेऊन कुणी आलं की पाच मिनिटांत कळतं काय चाललंय ते.